चांगले जिवाणू जरूर, पण गोळी बंद करून नाही

प्रश्न: डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, पाळ्या फिरत्या. तीन वर्षांपूर्वी शौचातून रक्त पडायला लागलं. आधी मूळव्याध समजून बरेच महिने मलमं लावली. मग दुर्बिणीने तपासल्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं. मेसालामाइनच्या गोळ्या आणि रात्रीचा एनिमा सुरू झाला. मागच्या दिवाळीत त्रास एवढा वाढला की दोन महिने स्टेरॉइड घ्यावं लागलं. आता बरा आहे, पण गुढीपाडव्यापासून त्याने गोळ्या आणि एनिमा दोन्ही आपल्या मनाने बंद केलंय. म्हणतो, 'गोळी जशीच्या तशी शौचात पडते, मग घ्यायची कशाला?' त्याऐवजी त्याने ऑनलाइन साडेचार हजारांचा चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलचा डबा मागवलाय. शास्त्रज्ञ जिवाणूंना कवच घालून थेट आतड्यात पोचवतात आणि आजार मुळापासून जातो, असं त्याने मोबाइलवर पाहिलं. आता त्याच्या मित्राने सांगितलंय की निरोगी माणसाची विष्ठा एनिमातून घरच्या घरी देता येते. भाऊ मला विचारतो, 'ताई, तू देशील का?' माझी तयारी आहे, पण भीती वाटते. आईचं म्हणणं, घरचं दही असताना हे सगळं कशाला? घरात त्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झालीय आणि आजाराचं बाहेर बोलायचं नाही असं ठरलंय. डब्याचा फोटो सोबत पाठवतेय. काय करू?
– एक बहीण, सिडको, नाशिक

ताई, तातडीचं आधी सांगतो. भावाला याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि औषध पुन्हा सुरू करा. डोस पूर्वीचाच की वेगळा, ते डॉक्टर ठरवतील. विष्ठेचा एनिमा घरी करायचा नाही, कितीही निरोगी माणूस द्यायला तयार असला तरी. डबा बाजूला ठेवला तर काही बिघडणार नाही. आणि दह्याच्या बाबतीत आईंचं ऐकायला हरकत नाही.

आता हे का, ते जरा सविस्तर सांगतो. 'डॉक्टर नको म्हणाले' एवढ्यावर २६ वर्षांचा मुलगा गप्प बसणार नाही, आणि त्याने बसूही नये. त्याने जे वाचलंय त्यातलं बरंचसं खरं आहे. फक्त ते प्रयोगशाळेतून त्याच्या हातातल्या डब्यापर्यंत येताना मधलं बरंच काही गळलंय.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. ही सूज आपल्याच शरीराची संरक्षणव्यवस्था आणते. मोठ्या आतड्यात जिवाणूंची वस्ती प्रचंड असते आणि निरोगी माणसात ही व्यवस्था त्यांच्याशी जुळवून घेते. या आजारात ते जमत नाही. शिवाय वस्तीचं स्वरूपही बदलतं. एरवी भरपूर असणारे काही जिवाणू कमी होतात. त्यातला एक म्हणजे फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. आपण खाल्लेल्या चोथ्यापासून हे जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की क्रोन्स आजाराच्या (आतड्याला सूज आणणारा, याच कुळातला दुसरा आजार) रुग्णांत हा जिवाणू कमी असेल तर शस्त्रक्रियेनंतर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. जिवाणू कमी झाले म्हणून आजार झाला की आजाराने जिवाणू कमी झाले, हा वाद अजून मिटलेला नाही. पण बाहेरून चांगले जिवाणू दिले तर उपयोग होईल का, हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे.

तो प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेड निसल नावाचे डॉक्टर होते. सैनिक हगवणीने आजारी पडत होते आणि त्यांच्यातला एकजण मात्र ठणठणीत राहिला होता. निसल यांनी त्याच्या विष्ठेतून एक ई. कोलाय जिवाणू वेगळा काढला, वाढवला आणि कॅप्सूलमध्ये भरून द्यायला सुरुवात केली. ई. कोलाय म्हटलं की आपल्याला जुलाब, लघवीचा संसर्ग आठवतो, पण त्याचे शेकडो प्रकार आहेत आणि हा निरुपद्रवी निघाला. 'ई. कोलाय निसल १९१७' याच नावाने तो आजही जर्मनीत औषध म्हणून मिळतो.

भाऊ वाद घालणार असेल तर हाच मुद्दा काढेल, म्हणून तो मीच मांडतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत झालेल्या ३२७ रुग्णांपैकी काहींना हा निसल जिवाणू दिला आणि काहींना मेसालामाइन. वर्षभरात आजार उलटला तो निसल गटात साधारण ३६ टक्के आणि मेसालामाइन गटात ३४ टक्के रुग्णांमध्ये. म्हणजे जवळपास सारखाच. मग गोळी सोडून जिवाणू का नकोत? कारण ती एकच विशिष्ट जात होती, आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून दिलेली, आजार आधीच शांत झालेल्यांना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यापुढे २०१४ मध्ये डेन्मार्कमध्ये आजार चालू असलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर हाच निसल दिला, तेव्हा काही फायदा दिसला नाही. तोच जिवाणू, तोच आजार, पण वेळ वेगळी तर निकाल वेगळा. तुमच्या भावाच्या डब्यात निसल नाहीच.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजचे डॉ. अजित सूद आणि देशातल्या इतर केंद्रांतले त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये १४७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. आजार सौम्य ते मध्यम, पण चालू असलेला. आठ जिवाणूंचं ठरलेलं मिश्रण १२ आठवडे दिलं, तेव्हा सुमारे ४३ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. नुसती दिसायला तशी पावडर मिळालेल्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक चांगलाच आहे. पण डोस बघा: एका वेळी ३.६ लाख कोटी जिवाणू, दिवसातून दोनदा.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. मी तो मोठा करून वाचला. पुढच्या बाजूला '१२ जिवाणूंची शक्ती'. मागे बारीक अक्षरात एका कॅप्सूलमध्ये ५०० कोटी, आणि त्याच्यापुढे 'उत्पादनाच्या वेळी'. भावाला ही ओळ बोट ठेवून दाखवा. कॅप्सूल भरली त्या दिवशी इतके जिवंत होते, एवढंच ती सांगते. तुमच्या दारात पोचताना किती उरले, याबद्दल डबा काही बोलत नाही. साठवण २५ अंशांच्या खाली, असंही छापलंय. डबा मागवला उन्हाळ्यात. गोदाम, टेम्पो, मग सिडकोतलं तुमचं घर, आणि नाशिकचा पारा त्या दिवसांत चाळिशीला टेकतो. बारा जिवाणूंची नावं आहेत, पण एकाच्याही नावापुढे जातीचा क्रमांक नाही. एकाच नावाच्या जिवाणूच्या दोन जाती अगदी वेगळं वागू शकतात, म्हणून तो क्रमांक महत्त्वाचा असतो. आणि अगदी तळाशी, किमतीच्या वर: 'औषधी वापरासाठी नाही'. ही ओळ कायद्याने छापावी लागते, कारण हे अन्नपूरक म्हणून विकलं जातं.

हिशेब मांडायचाच तर लुधियानाच्या चाचणीतला दिवसाचा डोस गाठायला या कॅप्सूल १,४४० लागतील. तेवढ्या घेतल्या तरी ते मिश्रण वेगळं, त्यामुळे तो निकाल याला लागू होत नाही तो नाहीच. साडेचार हजार रुपये कमी नसतात, ताई. पाळ्या करून कमावलेले आहेत. म्हणून मला या गोष्टीचा राग येतो. भावाचा नाही, असे डबे विकणाऱ्यांचा.

पोचवण्याचा जो मुद्दा भावाला आवडलाय, तोच खरा कळीचा आहे. तोंडातून गेलेला जिवाणू आधी जठरातल्या आम्लात पडतो, तिथे बरेच मरतात. मग पित्तरस. त्यातून वाचला तर लहान आतड्याची काही मीटर लांब वाट, आणि मग कुठे मोठं आतडं. वर सांगितलेल्या फीकॅलिबॅक्टेरियमसारख्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांना हवेतला ऑक्सिजनच सोसत नाही, त्यामुळे त्यांना वाढवणं, वाळवणं, कॅप्सूलमध्ये भरणं हेच अवघड काम होऊन बसतं. यावर उपाय म्हणून संशोधक जिवाणूंच्या थव्याला, कधी एकेका जिवाणूला, कवच चढवतात. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटचं, स्निग्ध पदार्थाचं, किंवा आम्लात टिकून पुढे विरघळणाऱ्या रसायनाचं. काही ठिकाणी जिवाणूत असे फेरफार करतात की तो आतड्यात गेल्यावर सूज कमी करणारं प्रथिन स्वतः तयार करेल. २००० साली बेल्जियमच्या संशोधकांनी लॅक्टोकॉकस जिवाणूवर असा प्रयोग उंदरांत करून दाखवला, आणि २००६ मध्ये क्रोन्सच्या १० रुग्णांवरचा छोटा प्रयोगही प्रसिद्ध झाला.

मला स्वतःला हे काम फार मोलाचं वाटतं. पण कवच घातलेल्या जिवाणूंच्या बातम्यांमधले बहुतेक 'रुग्ण' उंदीर असतात, हे भावाला सांगा. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम नावाचं रसायन मिसळतात, काही दिवसांत कोलायटिस होतं, आणि ते पाणी बंद केलं की उंदीर आपोआप सुधारू लागतो. माणसाचा आजार असा पाण्यातून येत नाही आणि असा जातही नाही. माणसांवर काय झालं त्याचं एक उदाहरण देतो. निरोगी दात्यांच्या विष्ठेतून काढलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंच्या कॅप्सूल अमेरिकेत अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी तपासल्या. सुरुवातीच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली होती. २०२१ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा या कॅप्सूल औषध नसलेल्या, खोट्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

पोचल्यावर टिकायचाही प्रश्न आहेच. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने निरोगी माणसांना प्रोबायोटिक, म्हणजे असेच चांगले जिवाणू, देऊन दुर्बिणीने आतड्याच्या अस्तरावरून नमुने घेतले. काहींच्या अस्तरावर ते जिवाणू रुजले, काहींच्या शरीराने त्यांना थारा दिला नाही, आणि विष्ठेत मात्र ते दोन्हीकडे दिसत होते. म्हणून विष्ठा तपासून 'तुमचे जिवाणू वाढले' असं सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांच्याही मागे लागू नका.

आता त्या गोळीकडे येऊ. ताई, भावाने पाडव्याला बंद केली ती गोळी म्हणजे नेमकं हेच तंत्र आहे. मेसालामाइन साधं दिलं तर ते वरच्या वर, लहान आतड्यातच शोषलं जाईल आणि जखमेपर्यंत पोचणार नाही. म्हणून बऱ्याच गोळ्यांवर असं आवरण असतं की जठरातल्या आम्लात ते तसंच राहतं आणि लहान आतड्याच्या शेवटाला, आम्लता संपते तिथे उघडतं. मोबाइलवर त्याने पाहिलेली कवचाची युक्ती त्याच्या औषधाच्या पाकिटात पहिल्या दिवसापासून आहे. याच्या आधीचं औषध सल्फासालाझिन, ते तर त्याहून विलक्षण. १९४० च्या सुमारास स्वीडनमध्ये डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी ते आणलं. त्यात दोन रेणू एकमेकांना जोडलेले असतात आणि तो सांधा तोडतात ते मोठ्या आतड्यातले जिवाणूच. सांधा तुटला की उपयोगाचा भाग तिथल्या तिथे मोकळा होतो. जिवाणूंना हाताशी धरून या आजारावर औषध पोचवायचं काम सुरू होऊन ८० वर्षं झालीत.

गोळी शौचात दिसते, त्याबद्दल. भावाने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं, हे चांगलंच केलं. काही गोळ्यांचं नुसतं रिकामं कवच बाहेर पडतं, औषध आतच सुटलेलं असतं. पण जुलाब जोरात असतील तर गोळी न उघडताही वाहून जाऊ शकते. दोन्हीत फरक आहे. पुन्हा दिसली तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोळी खरंच न उघडता जात असेल तर औषध बदलता येतं. बारीक दाण्यांच्या रूपात, वेगळ्या आवरणात ते मिळतं. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, मग आवरणाचा काही उपयोग राहत नाही.

आणि एनिमा. तुमच्या पत्रात त्यावर एकच ओळ आहे, पण मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. हा आजार गुदाशयापासून सुरू होऊन वर चढतो, त्यामुळे खालून दिलेलं औषध थेट जखमेवर पडतं. गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा चांगला गुण येतो. पण तरुण मुलाला दोन खोल्यांच्या घरात, आई-बहीण शेजारी असताना, डाव्या कुशीवर झोपून हे रोज करणं जड जातं. रात्रपाळी असेल तर करायचं कधी, हाही प्रश्न. त्याला रात्री उशिरा एक खोली आणि अर्धा तास कुणी दार न वाजवता मिळेल एवढी सोय करा. पाळी बदलली की झोपण्याच्या वेळेला एनिमा, मग ती वेळ सकाळची असली तरी. आजार शांत असताना रोजच्या ऐवजी आठवड्यातून काही वेळाच घेऊन चालतं का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना चालतं.

आत्ता तो बरा आहे, म्हणूनच त्याला गोळी नकोशी झालीय. या आजारात असंच होतं. अमेरिकेत आजार शांत असलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात, २००३ मधल्या, मेसालामाइन नीट न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. औषध सोडल्यावर लगेच काही होत नाही, त्यामुळे वाटतं की सोडून जमलं. मग दोन-चार महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा स्टेरॉइड. स्टेरॉइडने हाडं झिजतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. मागच्या दिवाळीतले दोन महिने त्यालाही आठवत असतील.

मित्राने सुचवलेल्या विष्ठा-प्रत्यारोपणाचं, म्हणजे निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचं, मी उडवून लावणार नाही. हा प्रकार खरा आहे आणि यावर भारतातही चांगलं काम झालंय. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विष्ठा ऑक्सिजनपासून जपून तयार केली होती. आठ आठवड्यांनी ३२ टक्के रुग्णांचा आजार स्टेरॉइडशिवाय शांत झाला, तर ज्यांना स्वतःचीच विष्ठा परत दिली त्यांच्यात ९ टक्के. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ च्या चाचणीत ६६ रुग्ण होते. प्रत्यारोपण आणि सूज कमी करणारा आहार, असं दोन्ही मिळालेल्यांत आठ आठवड्यांनी ६० टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. नेहमीच्या उपचारांच्या गटात ३२ टक्के. हे रुग्ण आपली चालू औषधं सोडून आलेले नव्हते, हे भावाला आवर्जून सांगा. आणि प्रत्यारोपण एकदा करून भागलं नव्हतं, आठवड्याला एक याप्रमाणे सात वेळा दुर्बिणीतून केलं होतं.

दात्याची तपासणी किती कसून करावी लागते, ते घरात कळत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, जंत, अमीबा, आणि ज्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाहीत असे जिवाणू. शेवटची गोष्ट आपल्याकडे जास्त महत्त्वाची, कारण भारतात धडधाकट माणसांच्या पोटातही असे जिवाणू सर्रास सापडतात. त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नसतो. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना दात्याच्या विष्ठेतून असाच जिवाणू मिळाला आणि त्यातला एक दगावला. तिथे तर हे संशोधनाच्या देखरेखीत चाललं होतं. तुमच्याकडून भावाला काही लागलं तर ते ओझं तुम्ही आयुष्यभर वाहाल. त्यामुळे तुमच्या मनातली भीती रास्त आहे, तिच्याच बाजूने उभ्या राहा. भावाला हे करायचंच असेल तर त्याच्या पोटविकारतज्ज्ञांना लुधियाना किंवा दिल्लीसारख्या केंद्राला चिठ्ठी लिहायला सांगा. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये विष्ठेपासून बनवलेली दोन औषधं मंजूर झाली, त्यांच्या बातम्या तो दाखवेल. ती क्लोस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्यांसाठी आहेत, कोलायटिससाठी नाहीत.

मग प्रोबायोटिक अजिबात नाही का? तसंही नाही. मेसालामाइन चालू ठेवून, सौम्य आजारात, ज्या मिश्रणावर चाचण्या झाल्यात तेच, पुरेशा डोसमध्ये आणि थंड ठेवून मिळत असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरावीक मुदतीपुरतं घेऊन बघता येतं. ते महाग पडतं, आणि अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये तर चाचणीच्या बाहेर ते देऊच नये असा सल्ला दिलाय. मी तेवढा कडक नाही, पण खिशाला परवडत नसेल तर ते न घेतल्याची रुखरुख मुळीच नको. क्रोन्सच्या आजारात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मेडिकलमधून कुपीत मिळणारे बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू आम्लात टिकतात खरे, पण ते साध्या जुलाबांसाठी दिले जातात. या आजाराचा इलाज म्हणून नाही.

आईंना सांगा, दही खुशाल द्या. ते या आजाराचं औषध नव्हे, पण सोसत असेल तर चांगलं अन्न आहे. ताजं लावलेलं, घरचं. दुधाने पोट फुगत असेल तर दही-ताक बहुधा सोसतं. पुढेमागे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली तर तेव्हा पुन्हा विचारून घ्या. आजार शांत असताना भाजी, फळं, वरण, भाकरी सगळं खावं. पाकीटबंद, रंगीत, गोड कमी. आतल्या जिवाणूंना हाच चोथा लागतो. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची का, हे प्रत्येक रुग्ण विचारतो. तिखटाने हा आजार होत नाही. मात्र आजार उठलेला असताना तर्रीने आग आणि कळ वाढते, म्हणून तेवढे दिवस नको. बरं असताना रविवारी कमी तर्रीची एक प्लेट खाल्ली म्हणून आजार उलटणार नाही. त्याच्याकडून आनंदाच्या गोष्टी उगाच काढून घेऊ नका.

लग्नाचं मी न विचारता बोलतोय असं वाटलं तरी बोलतो. या आजाराची माणसं लग्न करतात, त्यांना मुलं होतात, नोकऱ्या होतात. आजार वडिलांकडून मुलाला जाण्याची शक्यता थोडी असते, बहुतेकांच्या मुलांना तो होत नाही. सल्फासालाझिनने शुक्राणू तात्पुरते कमी होतात, ते बंद केल्यावर भरून येतात. मेसालामाइनमध्ये ती अडचण सहसा येत नाही. पण लपवून लग्न केलं तर तो गोळ्या लपवून घेईल, म्हणजे घेणार नाही. मुलीकडच्यांना बोलणी पक्की व्हायच्या आधी सांगा. हवं तर दोन्ही घरं एकत्र डॉक्टरांना भेटा. मी अशा भेटी घेतो, आणि इतरही डॉक्टर घेतात.

डॉक्टरांकडे जाताना जुने दुर्बिणीचे अहवाल, आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि हा डबा तिन्ही न्या. रक्ताची तपासणी, हिमोग्लोबिन आणि विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन मागतील. कॅलप्रोटेक्टिनवरून आतली सूज खरंच शांत आहे की वरवर बरं वाटतंय, ते कळतं. भावाचा विश्वास बसायचा असेल तर तो आकडा त्याला स्वतःला वाचू द्या. आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आसपास कर्करोगाच्या शक्यतेसाठी दुर्बीण पुन्हा करावी लागते, ते वर्ष आत्ताच लिहून ठेवा. दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, त्याने आजार उठू शकतो. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणायची नाहीत. आधी विष्ठेची तपासणी, कारण जंतुसंसर्ग आणि कोलायटिस वरून सारखेच दिसतात.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि त्याच्याबरोबर ताप, नाडी मिनिटाला ९० च्या वर, पोट फुगणं किंवा असह्य कळ यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करायचं. ओपीडीच्या वेळेची किंवा पाळी संपायची वाट बघायची नाही.